खंडेनवमीची आंघोळ

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या ना. मोठ्याने नको बोलायला, हे ओसरीवर पेपर वाचतायत. वाचतायत कसले, कान इकडेच आहेत.

काल सकाळी आमच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून कोण उभं होतं, तुम्ही विचारणारच होता ना? आमच्या धाकट्या दिरांची पल्लवी. आयटीआयला मोटर मेकॅनिक करते ती. घरात सगळे म्हणत होते, मुलीला कशाला ते काळे हात? आता बघा.

झालं काय, दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला शिरवळला गेलो होतो. जाताना गाडी थोडी थरथरत होती. येताना खंबाटकी चढायला लागली आणि जी मिसिंग मारायला लागली म्हणता! पिकअप नाही, नुसते झटके. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. आमचे हे काय म्हणाले असतील? "पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालतात हल्ली, होणारच असं." आणि तशीच दामटली घरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली. कोणत्या ते नाव नको, आपल्याच ओळखीतले आहेत. त्यांनी बॉनेट धड उघडलंही नाही. चारही कॉइल बदला, चारही प्लग बदला, इंजेक्टर साफ करून घ्या. आकडा ऐकून मला दिवाळीचा सगळा बाजार डोळ्यापुढे आला.

नेमकी त्याच संध्याकाळी पल्लवी आली. तिच्या पिशवीत काडेपेटीएवढी डबी असते, ती स्टेअरिंगखाली खोचली आणि मोबाइलवर वाचलं: पी०३०३. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर पेटायचा चुकतोय. मी म्हटलं, अगं, गाडीला कसं कळतं कोण चुकलं ते? तर म्हणाली, "काकू, तुमच्या भजनी मंडळात एकीचा टाळ चुकला तर मृदंगवाल्याला कळतंच ना?" क्रँकला दातेरी चाक असतं म्हणे. प्रत्येक सिलिंडर पेटला की त्याला एक ढकल बसते. एखादी ढकल बसली नाही की चाक कणभर मंदावतं आणि कॉम्प्युटर पाळी मोजून नंबर सांगतो.

मग ह्यांच्याकडे वळून म्हणते, "काका, पेट्रोल खराब असतं तर चौघांनाही बाधलं असतं. एकट्या तिसऱ्यालाच कसं बाधेल?" हे गप्प!

सकाळी इंजिन गार असताना दहाचा पाना घेतला, तीन नंबरची कॉइल काढून एकावर लावली आणि एकाची तिनावर. डबीवरून जुना कोड पुसला, गाडी चालू केली. पाच मिनिटांत कोड आला पी०३०१! दुखणं कॉइलबरोबर चालत गेलं की हो. पैसा खर्च नाही, काही नाही. ते तिनावरच राहिलं असतं तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, अशा क्रमाने बघायचं होतं तिला. गॅरेजवाल्याने एवढी अदलाबदल करून बघायला काय जात होतं, सांगा!

मी म्हटलं, चला, एक कॉइल आणू, संपलं. तर ही तिथेच उभी. "काकू, कॉइल मेली ते कळलं, पण का मेली?" टॉर्च लावून मला वाकायला लावलं. प्लग बसतो ना, ती विहिरीसारखी खोल जागा असते. त्या तिसऱ्या विहिरीत तळाला गंजकट पाणी! घोटभर नसेल, पण होतं. बाकीच्या तिन्ही कोरड्या.

पल्लवीने ह्यांच्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपरची घडी उलगडली.

अहो, खंडेनवमीला गाडी धुतली ना ह्यांनी! तुम्हीच म्हणाला होतात, भावजींनी गाडी काय लख्ख केलीय. ते वरचं दिसलं तुम्हाला. ह्यांनी बॉनेट उघडून इंजिनालासुद्धा पाइपाने न्हाऊ घातलं होतं, अगदी अभ्यंगस्नान. आणि वरून झेंडूची माळ.

पल्लवीने आधी फडक्याने ते पाणी टिपलं, सायकलच्या पंपाने वारा मारला आणि मगच प्लग सोडवला. नाहीतर घाण थेट सिलिंडरात पडते म्हणे. प्लग हातात दिला माझ्या. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ. तशीच रेघ कॉइलच्या रबरी बुटाच्या आतून. वीज त्या रेघेवरून बाजूच्या लोखंडात पळायची. सपाटीला कसंबसं निभायचं, पण चढाला आत दाब वाढतो, ठिणगीला उडी जड जाते, मग ती आपली सोपी वाट धरते. पाणी वाळलं तरी रेघ राहते, म्हणून प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुना नव्याला बिघडवतो.

बूट सुटा मिळाला नाही, म्हणून एक कॉइल आणि एक प्लग एवढंच आणलं. प्लगचे पहिले आटे तिने हातानेच फिरवले, पाना नंतर. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, आटे खाल्ले तर केवढ्याला पडेल!

आणि तो लुकलुकणारा दिवा! त्यावरून पल्लवी ह्यांना खरंच रागावली. दिवा नुसता लागला तर सावकाश गॅरेज गाठता येतं, लुकलुकला की गाडी बाजूला घ्यायची. न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन पेटतं. तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक जाळी असते, तिला प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप. ती वितळली तर दहा कॉइलच्या पैशातसुद्धा येणार नाही. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत माझ्या बोटात प्लॅटिनमची अंगठी नाही आली, आणि हे जाळायला निघाले होते खंबाटकीत!

वाचली म्हणा जाळी. आता गाडी सुरू आहे की बंद, हात लावून बघावं लागतं.

बरं, हा धरा. पाइपच आहे, गुंडाळून आणलाय. तुमच्या माळ्यावर ठेवा कुठेतरी. लक्ष्मीपूजनाला पुन्हा गाडी धुवायची म्हणतायत. विचारायला आले तर तुम्हाला काही माहीत नाही.