मोठेबाबा

विदर्भात वडिलांच्या थोरल्या भावाला ‘मोठेबाबा’ आणि त्यांच्या पत्नीला ‘मोठी आई’ म्हणतात, हे नात्यांच्या कोणत्याही यादीत सापडेल. परंतु यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यातील शेतकरी घराण्यांत हा शब्द नात्यापेक्षा पदाचा वाचक आहे, हे मात्र तेथे नोंदलेले नसते. या पदाला पगार नाही, मुदत नाही आणि राजीनाम्याचीही सोय नाही. पुणे, नागपूर, हैदराबाद अशा ठिकाणी पांगलेला गोतावळा दिवाळीचे चार दिवस मूळ घरी हजर करणे एवढे एकच कर्तव्य या पदाला जोडलेले असून, ते बजावताना कोणाची सवड विचारणे हा मोठेबाबांच्या मते कर्तव्यातील कसूर होय.

मोठेबाबांची दिवाळी पोळ्याला सुरू होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदशेकणीला, बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देण्याची रीत आहे. बैलांना रेल्वेचे आरक्षण लागत नाही आणि ते सबबी सांगत नाहीत, म्हणून त्यांना एका दिवसाची सूचना पुरते. पुतण्यांचे तसे नसते. पूर्वी रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे, तेव्हा पेरणीच्या गडबडीतही मोठेबाबा दिवाळीच्या तिकिटांची चौकशी करीत. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने ही मुदत ६० दिवसांवर आणली, तेव्हा हा आपल्या अधिकारावरील घाला आहे असे त्यांचे प्रथमदर्शनी मत झाले. परंतु पंचांग उघडताच त्यांच्या लक्षात आले की पोळ्याची अमावास्या आणि दिवाळीची अमावास्या यांच्यात, अधिकमास आडवा न आल्यास, दोन चांद्रमासांचे, म्हणजे साधारण ५९ दिवसांचे अंतर पडते, आणि तेव्हापासून रेल्वे मंडळाने हा निर्णय पोळा पाहूनच घेतला असे ते गंभीरपणे सांगू लागले. बैल ओवाळून झाले की फोन लागतो आणि त्यात प्रश्न एकच असतो : “काहून, तिकिटं काढले का नाही?” ‘येणार का’ हा प्रश्न त्यांच्या व्याकरणात नाही.

सबबींचे खंडन हे या पदाचे शास्त्रीय अंग होय. भाडे परवडत नाही असे एखादी पुतणी म्हणाली, तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, हे तिला ऐकवले जाते; आत्याबाईंनी वयाचे कारण पुढे केले, तर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांचा एसटी प्रवास फुकट आहे, तेव्हा न येण्यातच नुकसान आहे, असा निष्कर्ष त्यांच्या गळी उतरवला जातो. धामणगावला रेल्वेतून उतरल्यावर पुढे फार हाल होतात, या तक्रारीवर ‘शकुंतला’चे स्मरण होते. मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटर धावणारी ही अरुंद मापाची गाडी आता बंद पडलेली असली, तरी तिच्यातून अख्खा दिवस घालवून लोक दिवाळीला येत आणि कुरकुरत नसत, हे मोठेबाबांचे ऐतिहासिक प्रतिपादन आहे. त्यातील दुसऱ्या विधानाला पुरावा मिळत नाही.

माणसे जमली की त्यांची व्यवस्था ‘बिछायत केंद्रा’कडे जाते. गाद्या, सतरंज्या, खुर्च्या आणि मोठाले गंज, म्हणजे पातेली, भाड्याने देणाऱ्या दुकानाला या भागात हे नाव आहे. स्वतः मोठेबाबा ओसरीतल्या बंगईवर बसतात. बंगई म्हणजे कड्यांनी टांगलेला लाकडी झोपाळा. तेथून ओसरी, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे दार ही तिन्ही ठिकाणे एकाच झोक्यात दिसतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे चौतीस माणसे, एक बंब आणि दोन न्हाणीघरे यांचा मेळ घालणारी यादी त्यांच्याच हातची असते, आणि तिच्यात पहिला क्रमांक जवाईबुवांचा असल्यामुळे जो सर्वांत उशिरा उठतो त्याच्यासाठी सर्वांना थांबावे लागते.

दिवाळीचे दिवस हे या जिल्ह्यात कापूस वेचणीचेही दिवस असल्याने या मेळाव्याला अर्थशास्त्रीय बाजूही आहे. पहिल्या वेचणीपूर्वी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून केल्या जाणाऱ्या पूजेला ‘सीतादही’ म्हणतात, आणि ती मुलांना दाखवायची या सांस्कृतिक कारणासाठी सर्वांना शेतात नेले जाते. पूजा आटोपल्यावर मजूर मिळत नसल्याचा उल्लेख सहज होतो आणि ‘आलेच आहात तं’ या तीन शब्दांनी संगणक अभियंत्याच्या कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली जाते. त्याचा दोन तासांतला कापूस दोन किलो भरतो व छायाचित्रे चाळीस निघतात. मात्र गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी समोर येताच शोषणाची ही भावना तुपाबरोबर विरघळते.

तथापि या सर्वांना दरवर्षी खेचून आणणारे खरे सूत्र सातबाऱ्यात आहे. सातबारा म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यात काय पिकते हे सांगणारा महसुली उतारा. मोठेबाबांच्या शेताच्या उताऱ्यावर सगळ्या भावंडांची नावे एकत्र आहेत. वाटणीचा विषय भाऊबिजेच्या संध्याकाळी निघतो, उतारा पेटीतून बाहेर येतो, चष्मा सापडत नाही, चहा येतो आणि “हिस्सेवाटणीचं पुढच्या दिवाळीले पाहू” या ठरावाने सभा संपते. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला, तेव्हा अनेक घरांत कपाळांना आठ्या पडल्या. मोठेबाबांनी मात्र या सुधारणेचे मनापासून स्वागत केले, कारण वाटणीच्या बैठकीला आता बहिणीही हक्काने बोलावता येऊ लागल्या आणि गाद्यांची संख्या वाढली. शेताची मोजणी करून हद्दीचे दगड रोवले की त्या बैठकीला कोणी कशाला येईल, हा हिशोब त्यांनी कधी बोलून दाखवलेला नाही.

चौथ्या दिवशी चिवड्याचे डबे वाटले जातात. डबा परत आणायचा असतो, म्हणून तो नेहमी स्टीलचा असतो आणि त्यावर पंजोबांचे नाव कोरलेले असते. घर रिकामे होते, बिछायत केंद्राचा माणूस सामान मोजतो आणि एक उशी कमी भरते. मग मोठेबाबा पुन्हा फोन उचलतात आणि पुण्यापासून हैदराबादपर्यंत एकेका घरी उशीची चौकशी करतात. ती करता करता पोहोचलात का, पोराचा खोकला कसा आहे, डबा फुटला नाही ना, हेही विचारून होते. ही चौकशी रात्री नऊपर्यंत चालते. मोठी आई तोपर्यंत काही बोलत नाही. सर्वांशी बोलून झाल्याची खात्री पटल्यावर ती बंगईजवळ येते, त्यांच्या पाठीमागची उशी काढते आणि बिछायत केंद्राचा शिक्का वर येईल अशी दारापाशी ठेवते.