परदेशी वर्गाशी संवाद : शाळांसाठी कार्यपद्धती

परदेशातल्या शाळेशी ऑनलाइन संवाद साधायचा ठरला, की सर्वप्रथम फ्लेक्स छापून घ्यावा. जोडीदार शाळा मागाहून मिळते. अशा शाळा जोडून देणारं 'आयअर्न'चं जाळं १९८८मध्ये न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को इथल्या शाळा जोडण्यापासून सुरू झालं. ते कुठे पळून जात नाही. फ्लेक्सवर कुणाचा फोटो राहून गेला, तर मात्र संबंध बिघडतात, आणि तेही तालुक्यातले.

जोडीला शक्यतो जपानची शाळा घ्यावी. आपले अकरा वाजतात तेव्हा त्यांचे अडीच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्या वेळी मध्यरात्र उलटलेली असते. शिवाय जपानी मुलांचं इंग्रजीही आपल्या मुलांइतकंच अडखळतं. हे पालकांना कळू देऊ नये, त्यांना गोऱ्यांचं इंग्रजी हवं असतं. (समोरचाही चाचपडतोय म्हटल्यावर मुलं बिनधास्त बोलतात हे खरं, पण प्रगतिपुस्तकात बिनधास्तपणाला रकाना नाही.)

आयअर्नचा टेडी बेअर प्रकल्प घेतल्यास विशेष दक्षता बाळगावी. यात दोन वर्ग एकमेकांना टपालानं खेळण्यातलं अस्वल पाठवतात आणि पाहुण्या अस्वलाच्या नावानं मुलं रोजनिशी लिहून कळवतात. अस्वल पोचताच शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करावा आणि मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावावं. मुलांच्या घरी गेलं, तर ते ठेचा-भाकरी खाईल, म्हशीवर बसेल, आजीकडून दृष्ट काढून घेईल, आणि या सगळ्याचं इंग्रजी पोरांना स्वतः जुळवावं लागेल. त्यापेक्षा रोजनिशी सरांनीच लिहावी : 'आय ॲम व्हेरी हॅपी हिअर.' रोज तेच लिहिलं तरी चालतं, कपाटात फारसं काही घडत नाही.

प्रत्यक्ष संवादाला चाळीस मिनिटं ठेवावीत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि केंद्रप्रमुखांचं मनोगत यांत पस्तीस सहज जातात. उरलेल्या पाचांत हुशार चौघांनी पाठ केलेली ओळख म्हणावी.

धोका एकच. पाहुण्यांना चहा द्यायला सर बाहेर गेले, की मागची पोरं कॅमेऱ्याला नाक लावतात. कुणी डबा उघडून दाखवतं. पलीकडची मुलं, आम्ही आमचा वर्ग स्वतः झाडतो, हे झाडू नाचवून सांगतात. इकडून 'वुई ऑल्सो! डेली! सर टेलिंग!' असा गलका होतो. व्याकरणाची अशी विटंबना कानी येताच सरांनी कप तसाच ठेवून आत धावावं आणि आभारप्रदर्शन सुरू करावं.