गळक्या शॉकपाची नियमावली

ज्या सद्गृहस्थांच्या मोटरसायकलीने वयाची पस्तिशी ओलांडली आहे, जिच्या पुढच्या चाकाखाली फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग रोज सकाळी नव्याने उमटू लागला आहे, आणि हा डाग आपल्या गाडीचा नसून शेजाऱ्याच्या गाडीचा आहे असे चार ठिकाणी सांगून पाहूनही ज्यांना यश आलेले नाही, त्यांच्या माहितीसाठी प्रस्तुत नियमावली जारी करण्यात येत आहे. आम्ही कोषागारात एकतीस वर्षे कारकुनी केली असल्यामुळे कलमे पाडल्यावाचून जगात कोणतेही काम तडीस जाते यावर आमचा विश्वास नाही.

कलम १. व्याख्या. मोटरसायकलीच्या पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनी धरून ठेवणारे जे दोन दंड असतात त्यांस कोल्हापुरात लहानथोर सारे शॉकप म्हणतात. वरची चकचकीत नळी खालच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात वरखाली सरकते. आत स्प्रिंग असते आणि तेल असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळू लागली की तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागत असल्यामुळे तिची उसळी आवरली जाते. तेलाने असा आवर घातलेले दुर्बिणीसारखे शॉकप जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली बाजारात आणले. तत्पूर्वीच्या स्वारांच्या कमरेविषयी आम्ही सहानुभूती व्यक्त करतो. भांड्याच्या मुखाशी रबराचे एक कडे बसविलेले असते. त्याच्या पोटात पोलादी चकती आणि ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग असते. तेलाला आत आणि धुळीला बाहेर ठेवण्याची कामगिरी या कड्याकडे असून त्याचेच नाव ऑइल सील. इतक्या अल्प वेतनावर इतकी मोठी जबाबदारी आमच्या कचेरीत केवळ दरवाजावरच्या शिपायाकडे असे.

आमची गाडी १९८८ सालची सीडी १००. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी या गाडीची जाहिरात त्या काळी घरोघर पाठ होती. जाहिरात पेट्रोलापुरती होती. आम्ही ती शॉकपाच्या तेलालाही लागू केली आणि तीन तपे विसरून गेलो. तेव्हा गाडीकडे दोष नाही, हे प्रथमच रुजू करतो.

कलम २. सल्लागारास मज्जाव. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. जमिनीवर पहिला पाना ठेवल्याचा आवाज होताच शेजारच्या दारातून एक गृहस्थ प्लास्टिकचे स्टूल घेऊन बाहेर येतात. आमच्याकडे हे पद शेजारच्या अप्पांकडे आहे. अप्पा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी आयुष्यात सायकलीवाचून दुसरे वाहन चालविलेले नाही. तथापि, जगातली यच्चयावत गळती वायसर खराब झाल्याने होते असा त्यांचा सिद्धांत आहे. नळ गळाला, वायसर बदला. कुकरची वाफ गेली, वायसर बदला. गेल्या पावसाळ्यात जिन्याचे छत गळू लागले तेव्हाही त्यांनी खालून बराच वेळ निरखून पाहिले आणि हाच अभिप्राय दिला. सबब, काम सुरू करण्यापूर्वी सल्लागारास आत येऊ देऊ नये. आल्यास स्टूल देऊ नये. स्टूल तो स्वतःचेच आणतो, या अडचणीवर अद्याप उपाय सापडलेला नाही.

कलम ३. पंचनामा. पुष्कळ वेळा सील फाटलेले नसते. त्याच्या ओठाखाली चिखलाचा एखादा कण अडकलेला असतो. नळी स्वच्छ पुसावी, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-बारा वेळा दाबावे, आणि नळीवर तेलाचे कडे उमटते काय ते पाहावे. उमटल्यास धुळीचे कव्हर वर सरकवून फोटोच्या जुन्या फिल्मची पट्टी नळी आणि सील यांच्यामध्ये हळूच घालून सभोवार फिरवावी. कण निघून येतो. आम्ही या कामी आमच्या लग्नाची निगेटिव्ह काढली असता घरातून लेखी नसली तरी तीव्र हरकत आली. मग आमच्याच गुडघ्याचा एक्स-रे कापला. गळती थांबली ती अकरा दिवस.

कलम ४. गळते ते एकच असले तरी सील दोन्ही बाजूंचे बदलावे. यावर वाद नको.

कलम ५. उकलण्याचा क्रम. गाडी डबल स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि चाक काढावे. नळ्या हँडलखालच्या टीमध्ये घट्ट धरलेल्या आहेत तोवरच त्यांच्या माथ्यावरचे बोल्ट थोडे सैल करून ठेवावेत. नळी एकदा सुटून हातात आली की तो बोल्ट कोणालाच दाद देत नाही. नंतर नळ्या खाली ओढून घ्याव्यात. आता खरी कसोटी. भांड्याच्या तळाशी एक ॲलन बोल्ट असतो आणि तो आतल्या दांड्याला धरून असतो. स्प्रिंग आत असेपर्यंत तिच्या दाबाने दांडा जागेवर राहतो. स्प्रिंग आधी काढली तर बोल्टाबरोबर दांडाही फिरू लागतो आणि असा तो प्रलयकाळापर्यंत फिरू शकतो. आम्ही उत्साहाच्या भरात स्प्रिंग आधी काढली. पाऊण तास आम्ही बोल्ट फिरवीत होतो आणि बोल्ट आम्हांला. शेवटी स्टुलावरून विचारणा झाली, “रावसाहेब, त्ये आतनं फिरतंय न्हवं?”

स्प्रिंग परत घातली. परंतु अशा वेळी शॉकप उलटा करून फळीवर टेकवावा लागतो आणि एकाने भांडे सर्व ताकदीने खाली दाबून धरल्यावर दुसऱ्याने बोल्ट सोडवावा लागतो. हे काम एका माणसाचे नाही. सबब, कलम २ तहकूब करण्यात आले.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या अप्पांनी धोतराचा सोगा खोचला, दोन्ही हात भांड्यावर ठेवले आणि हापशावर उभे राहावे तसे त्यावर सारे वजन टाकले. कपाळावरची शीर ताठ झाली. आम्ही म्हणालो, “अप्पा, राहू द्या.” ते म्हणाले, “तुमी फिरवा.” बोल्ट सुटला. पाठोपाठ सडक्या मासळीच्या वासाचे काळे तेल अप्पांच्या धोतरावर आले. त्यांनी ते पाहिले, आणि चहाचे काय झाले एवढेच विचारले.

कलम ६. सील काढणे. कव्हराखाली सीलवर तारेचे एक लॉक असते, ते आधी काढावे. न काढता सील उपटू पाहणारे लोक आम्हांला ठाऊक आहेत. त्यांची नावे येथे देत नाही, कारण ती एकाच व्यक्तीची आहेत. सील उपटताना टामीखाली लाकडाचा तुकडा ठेवावा. ॲल्युमिनियमच्या काठावर ओरखडा पडला तर नवे सीलही जन्मभर गळेल.

कलम ७. नळीची परीक्षा. नळीवरून नख फिरवावे. जेथे नख अडेल तेथे गंजाचा खड्डा आहे आणि तोच सीलच्या नाशाचे मूळ कारण आहे. बारीक ओरखडे दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने नळीच्या आडव्या दिशेने घासून मऊ करता येतात. खड्डे खोल असतील तर नवे सील घालणे म्हणजे फाटक्या खिशात पगार ठेवणे. शिवाजी उद्यमनगर गाठून नळीला हार्ड क्रोम करून घ्यावे किंवा नवी आणावी. नळी काचेवर लोळवून पाहावी. डगमगली तर वाकलेली आहे.

कलम ८. सील बसविणे. नळीच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळावा, त्याला आणि सीलच्या ओठाला तेल लावावे, मगच सील नळीवरून खाली उतरवावे. कोरड्या धारेवरून ओढलेले नवे सील पहिल्याच दिवशी चिरते. आकडे लिहिलेली बाजू वर असावी. नव्या सीलवर जुने सील ठेवून नळीवर बसेल अशा पीव्हीसी पाइपाने सभोवार हलके ठोकावे, म्हणजे नवे सील तिरके न जाता आपल्या जागी उतरते आणि जुन्यास सेवानिवृत्तीपूर्वी एक शेवटचे काम मिळते. लॉक खाचेत पुरते बसल्याची खातरजमा करावी.

कलम ९. तेल. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले, दिलेल्याच मापाने, दोन्हीकडे सारखे. माप औषधाच्या खुणा असलेल्या बाटलीने घ्यावे, अंदाजाने नव्हे. तेल जास्त झाले तर आत हवेला जागा उरत नाही आणि दाबाने नवे सीलही बाहेर येऊ पाहते. वाहून आलेले तेल ब्रेकच्या पट्ट्यांपर्यंत पोचले असेल तर त्या बदलाव्यात. ही बाब थट्टेची नाही. तेलकट ब्रेकने गाडी थांबत नाही.

कलम १०. जोडणी उलट क्रमाने करावी. आसाचा नट शेवटचा आवळण्यापूर्वी गाडी जमिनीवर घेऊन शॉकप चार-पाच वेळा दाबावेत, म्हणजे दोन्ही दंड आपापल्या जागी सरळ बसतात.

कलम ११. तळाच्या ॲलन बोल्टाखाली तांब्याचा एक पातळ वायसर असतो. तोही नवा घालावा. एकदा दबून गेलेले तांबे पुन्हा नीट बसेलच असे नाही. जोडणी चालू असता अप्पांनी हे दोनदा सांगितले होते. आम्ही दोन्ही वेळा हसलो.

सील उत्तम बसले आहेत. नळ्या कोरड्या ठणठणीत आहेत. डाव्या बाजूला तळातून थेंब पडतो.