अक्षता, ऐजन आणि हलकी प्रत

मोठ्या आकाराचे फुटेज कॅमेऱ्यातून काढून जसेच्या तसे एडिटिंगला घेतले की बहुतेक संगणक अडखळतात. म्हणून कापाकापीपूर्वी ते मशीनला झेपेल अशा रूपात बदलून घेतात. धंद्याच्या भाषेत याला ‘कन्व्हर्टला लावणे’ म्हणतात. सोलापुरात हे काम मुख्यतः लग्नसराईत, मुख्यतः रात्री आणि मुख्यतः पार्टीचा चौथा फोन येऊन गेल्यावर होते. पार्टी म्हणजे ज्यांच्या घरचे लग्न ते, आणि मिक्सिंग म्हणजे त्या लग्नाच्या अनेक तासांच्या चित्रीकरणातून घरच्यांना बघवेल एवढा भाग काढणे. या दोन शब्दांच्या मधे जो वेळ जातो, त्यातला बराचसा प्रस्तुत विषयाने खाल्लेला असतो.

दुखण्याची लक्षणे ठरलेली आहेत. टाइमलाइनवर प्लेचे बटण दाबल्यावर सनई पुढे जाते आणि चित्र मागे राहते. नवरदेव घोड्यावर बसण्यासाठी पाय उचलतो आणि तसाच राहतो. एकदम चित्र उडी मारते तेव्हा तो मांडवात पोचलेला असतो, घोडा कुठे गेला ते कळत नाही. शेजारी बसलेला सहायक “अडकूलालंय की बे” एवढे निदान करतो. निदान बरोबर असते, कारण मात्र बहुधा चुकीचे सांगितले जाते.

पहिला संशय आकारावर जातो आणि तो अगदीच निराधार नसतो. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. फोरके चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार. लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट होतात, हे गणित कॅमेरा विकणारा सांगत नाही आणि विकत घेणारा विचारत नाही. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने असे फुटेज तासाला सव्वादोन टेराबाइटच्या आसपास जाईल. मग हळदीलाच हार्डडिस्क भरेल आणि लग्न कोरड्या कॅमेऱ्याने उरकावे लागेल.

तसे होत नाही, कारण कॅमेरा फुटेज दाबून भरतो. लग्नाला सर्रास चालणाऱ्या फोरके कॅमेऱ्यात सेकंदाला १०० मेगाबिट हा दर नेहमीचा आहे. म्हणजे तासाला ४५ जीबी, मूळ पसाऱ्याचा सुमारे पन्नासावा हिस्सा. हे दाबण्याचे काम एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतींनी होते. पहिली २००३ साली प्रमाणित झाली, दुसरी २०१३ साली. दोन्ही पद्धती हुशार आहेत आणि अडखळण्याचे मूळ त्या हुशारीतच आहे.

आहेराची वही लिहिणारा मनुष्य पहिल्या ओळीत पूर्ण नाव, गाव आणि वस्तू लिहितो. खाली तशाच नोंदी आल्या की ‘ऐजन, ऐजन’ लिहीत जातो. कॅमेरा तेच करतो. दर अर्ध्या-एक सेकंदाने तो एक चित्र पूर्ण लिहितो आणि मधल्या चित्रांत फक्त बदल नोंदवतो: मांडव ऐजन, भटजी ऐजन, वरमाईचा हात दोन इंच वर. यातल्या काही नोंदी मागच्या चित्राचा आधार घेतात, तर काही मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांचा. वही वरून खाली वाचणाऱ्याला याचा त्रास होत नाही, त्यामुळे तीच फाइल टीव्हीवर लोण्यासारखी चालते. एडिटर मात्र वही कुठेही उघडतो. चौदाव्या ओळीवर बोट ठेवून “हा कोण?” विचारतो, तेव्हा मशीनला वर जाऊन पूर्ण ओळ शोधावी लागते आणि तिथून मोजत खाली यावे लागते. फुटेज उलटे फिरवले, दोन क्लिप एकमेकींत विरघळवल्या किंवा तीन कॅमेरे एकाच वेळी पडद्यावर लावले की ही धावपळ तितक्या पटींनी वाढते.

या हिशेबात अक्षता हा सर्वांत अवघड प्रसंग ठरतो. आंतरपाट दूर होतो आणि एका क्षणात हजारो तांदूळ हवेत उडतात. प्रत्येक दाण्याची दिशा वेगळी, वेग वेगळा, आणि काही दाणे तर नवरदेवाच्या दोस्तांनी नेम धरून मारलेले. ऐजन लिहायला जागाच उरत नाही. कॅमेऱ्याचा दर ठरलेला असल्याने तो आहे त्या जागेत सगळे कोंबतो आणि चित्रात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत हीच अडचण शहराच्या मापाने येते. संक्रांतीच्या सुमाराला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आणि पुढे होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम, यांपैकी एकही गोष्ट कॅमेऱ्याच्या सोयीने स्थिर उभी राहत नाही. उलट सत्कार समारंभ दाबायला अतिशय सोपा असतो. व्यासपीठावरचे मान्यवर तासन् तास ऐजन असतात.

अडखळण्यावरचे घरगुती उपाय सोलापुरात भरपूर आहेत. मशीन बंद करून चालू करणे, उन्हाळ्यात कॅबिनेटचे झाकण काढून टेबलफॅन लावणे, विंडोज नव्याने टाकणे आणि रॅम वाढवणे हे त्यांतले प्रमुख. पारा चाळीसच्या वर असताना फॅनचा उपाय खरोखर चालतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत असतो. रॅम थोडी कामाला येते. पण गाठ असते ती ऐजन उलगडण्यापाशी. ते काम करणारा खास भाग प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डावर असतो आणि त्याला ठरावीक प्रकारचीच फाइल समजते. कॅमेऱ्यात रंगांची जादा माहिती साठवणारा दहा बिट, ४:२:२ हा पर्याय निवडला, तर अनेक ग्राफिक्स कार्डे एच.२६४ला हात लावत नाहीत. सगळा भार प्रोसेसरवर येतो. मग एवढे महागडे कार्ड घेऊन काय उपयोग, असा प्रश्न पडतो. गेम चांगला चालतो, एवढे उत्तर देता येते.

खरा उपाय रूपांतराचा, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मूळ आकार तसाच ठेवून प्रत्येक चित्र पूर्ण लिहिणाऱ्या पद्धतीत फुटेज बदलतात. अॅपलची प्रोरेस २००७ साली आली. अॅव्हिडची डीएनएक्सएचडी त्याआधी, २००४ साली, आणि एचडीहून मोठ्या चित्रांसाठी डीएनएक्सएचआर २०१४ साली. मिक्सिंगवाल्यांच्या आवडत्या एडियस या सॉफ्टवेअरची स्वतःची एचक्यूएक्स पद्धतही याच कुळातली. येथे ऐजन कुठेच नसल्याने कुठल्याही चित्रावर बोट ठेवले की ते लगेच हजर होते. किंमत जागेत मोजावी लागते. प्रोरेस ४२२मध्ये फोरकेचा दर २५ चित्रांना सेकंदाला ४९२ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे २२० जीबी. तीन कॅमेरे सहा-सहा तास चालले, तर मूळ फुटेज ८१० जीबी असते आणि रूपांतर चार टेराबाइटच्या घरात जाते. शिवाय असे तीन प्रवाह एकत्र वाचायला सेकंदाला १८० एमबीहून जास्त वेग लागतो, आणि साधी फिरती हार्डडिस्क शंभर-दीडशेच्या पुढे फारशी जात नाही. परिणामी प्रोसेसर मोकळा होतो आणि डिस्क अडखळू लागते. पार्टीला या दोन अडखळण्यांतला फरक समजावून सांगता येत नाही.

दुसरा प्रकार प्रॉक्सीचा, म्हणजे हलक्या प्रतीचा. मूळ फुटेज जागेवर ठेवून त्याची छोट्या आकाराची प्रत काढायची, कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटी तेच काप मुळाला लावायचे. फुल एचडी आकारात प्रोरेस प्रॉक्सीचा दर २५ चित्रांना ३८ मेगाबिट आहे. तासाला १७ जीबी. तीन कॅमेऱ्यांच्या अठरा तासांना सुमारे ३०८ जीबी पुरतात आणि तिन्ही प्रवाह एकत्र चालवायला सेकंदाला पंधरा एमबीदेखील लागत नाहीत. जुना लॅपटॉपही हे काम करतो, फक्त त्याला आपण करू शकतो हे आधी पटत नाही.

ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या आयुष्यावर व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ साली आला. त्या काळातला संकलक मूळ निगेटिव्हला कात्री लावत नसे. निगेटिव्ह लॅबमध्ये राही, त्यावरून काढलेली रश प्रिंट संकलकाकडे येई. तिला ओरखडे पडत, ती चिकटवली जाई, जमिनीवर लोळे, कधी चहाही पिई. फिल्मच्या काठावर छापलेले क्रमांक पाहून निगेटिव्ह कापणारा शेवटी मूळ पट्टी बेतशीर कापी. १९८९ साली अॅव्हिडने संगणकावर संकलन आणले, तेव्हाही डिस्कवर मावेल असे भुरकट चित्रच कापावे लागे. आज काठावरच्या क्रमांकाची जागा टाइमकोड आणि फाइलच्या नावाने घेतली आहे. फाइलचे नाव काठावर छापलेले नसते, कोणालाही बदलता येते. पुढचे बरेच घोटाळे यातून येतात.

कामाचा क्रम असा. प्रथम कार्ड पूर्णच्या पूर्ण डिस्कवर उतरवावे, आतल्या फोल्डरांसकट. नको वाटणारे फोल्डर गाळू नयेत; क्लिपची आवश्यक माहिती कधीकधी त्यांतच असते. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर करून त्यावर कॅमेरा, दिवस आणि विधी लिहावा. ‘नवीन’, ‘नवीन फायनल’ आणि ‘हेच घ्या’ अशी नावे देऊ नयेत. कॅमेरे आपल्या फाइलींना एकापासून क्रमांक देतात, त्यामुळे दोन कार्डांवर एकाच नावाच्या क्लिपा निघतात. हलक्या प्रतीला चुकीचे मूळ जोडले गेले की सप्तपदीच्या जागी पंगत येते, आणि सातव्या पावलाला जिलेबी वाढली जाते.

दुसरी पायरी वेगाची. कॅमेरे सहसा सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे काढतात. मोबाइल तीसच्या आसपास काढतो आणि हा ‘आसपास’ उजेडाप्रमाणे बदलतो. अशा बदलत्या वेगाच्या क्लिपा टाइमलाइनवर टाकल्या की आवाज आणि चित्र हळूहळू फारकत घेतात. भटजी ‘सावधान’ म्हणतात तोवर अक्षता पडून वऱ्हाड जेवायला गेलेले असते. मावसभावाने मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण वापरायचेच असेल, आणि पार्टीच्या आग्रहाखातर ते वापरावेच लागते, तर आधी ते स्थिर वेगात बदलावे.

तिसरी पायरी मापाची आणि आवाजाची. हलक्या प्रतीचे लांबी-रुंदीचे प्रमाण मुळासारखेच हवे. ३८४०ची १९२० होते, पण सिनेमाच्या ४०९६ ठिपक्यांच्या मापाची २०४८ करावी लागते. प्रमाण बदलले तर शेवटी चौकट सरकते आणि कडेला उभे असलेले थोरले जावई अर्धे कापले जातात. अशा बाबतींत तांत्रिक खुलासा कोणी ऐकून घेत नाही. आवाजाचे ट्रॅकही मुळाइतकेच ठेवावेत. ते कमी-जास्त झाले तर काही सॉफ्टवेअर हलकी प्रत जोडायलाच नकार देतात.

चौथी पायरी वाट पाहण्याची. प्रीमिअर, फायनल कट आणि डाविंची रिझॉल्व्ह यांत हलकी प्रत करण्याची सोय आतच असते. बाहेर करायची तर एफएफएमपेग हे फुकट साधन आहे. सगळ्या क्लिपा रांगेत लावून झोपायला जावे. त्याआधी एकच क्लिप बदलून, जोडून, चालवून बघावी, म्हणजे सकाळी अठरा तासांचे चुकीचे रूपांतर हाती येणार नाही. मशीनला यूपीएस असावा. अनेक व्हिडिओ फाइलींची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी वीज गेली, तर नव्व्याण्णव टक्के झालेली फाइलही उघडत नाही. वीजही नेमकी त्याच टक्क्याला जाते, अशी धंद्यात समजूत आहे.

रूपांतराकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. आठ बिटांचे फुटेज दहा बिटांच्या फाइलीत ओतले म्हणून त्यात नवे रंग येत नाहीत. अंधारात काढलेली हळद अंधारीच राहते. अक्षतांच्या वेळचे ठोकळे प्रोरेसमध्येही तसेच राहतात, फक्त जास्त जागा घेऊन. हललेला कॅमेरा हललेलाच राहतो. आता तो न अडखळता हलतो.

हलक्या प्रतीवर कापाकापी, गाणी आणि नावे बसली की रंगांचे काम मूळ फुटेज चालू करूनच करावे, कारण हलक्या प्रतीत शालूची जर आणि नुसता पिवळेपणा यांत फारसा फरक दिसत नाही. अंतिम फाइल काढतानाही मूळ जोडलेले आहे ना ते तपासावे. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून मुळाकडे जातात, पण मूळ फुटेजची डिस्क घरी राहिली असेल तर ते कधी लाल पाटी दाखवतात, कधी मुकाट्याने हलकी प्रतच वापरतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो पार्टीच्या पंचावन्न इंची टीव्हीवर उघडकीस येतो.

राहिला प्रश्न जागा मोकळी करण्याचा. काम संपले की आधी रेंडर केलेले तुकडे पुसावेत, मग हलक्या प्रती. दोन्ही पुन्हा करता येतात. प्रोजेक्टची फाइल चिमुकली असते, ती ठेवावी. मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कांवर असू द्यावे. पेनड्राइव्ह पोचला, घरच्यांनी तो पाहिला, व्हिडिओत मामा दिसत नाहीत अशी तक्रार आली, मामा शोधून बसवले आणि उरलेली रक्कम जमा झाली, एवढे टप्पे ओलांडेपर्यंत मुळाला हात लावू नये. हलकी प्रत एका रात्रीत पुन्हा काढता येते. मूळ फुटेज पुन्हा काढायचे तर लग्न पुन्हा लावावे लागते, आणि त्याला दोन्हीकडची मंडळी सहसा तयार होत नाहीत.