घड्याळ तीनशे मीटर, मालक गुडघाभर

माझ्या मनगटावरचं घड्याळ समुद्रात ३०० मीटर खोल जाऊ शकतं. मी स्वतः तरणतलावात 'खोली ४ फूट' ही पाटी दिसली की तिथूनच मागे फिरतो. पाणबुड्यांसाठी बनवलेली महागडी घड्याळं किमतीला जागतात का, या प्रश्नावर बोलायला एवढी पात्रता पुरे. ती घड्याळं घेणाऱ्या बहुतेकांचीही साधारण एवढीच असते.

हे दीड लाखाच्या आसपासचं स्विस घड्याळ मी घेतलं ते पन्नाशी उलटल्यावर. या वयात काही पुरुष बुलेट घेतात, काही नर्मदा परिक्रमेला निघतात. बुलेटला माझी कंबर तयार नव्हती आणि परिक्रमेला रजा मिळेना. घड्याळाला यातलं काहीच लागत नाही, लागतो तो फक्त मासिक हप्ता.

बायकोला मी आधी खोली सांगितली, मग किंमत.

"अहो, जुहूला जरा मोठी लाट आली तर तुम्ही चपला हातात घेऊन भेळवाल्यापर्यंत पळता. तुम्हाला तीनशे मीटर कशाला?"

मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "ही गुंतवणूक आहे," म्हणालो. या शब्दापुढे मराठी घरात सहसा कुणी बोलत नाही. तीही बोलली नाही. फक्त उरलेल्या मुदतठेवीच्या पावत्या तिनं माझ्या कपाटातून स्वतःच्या कपाटात नेल्या.

एकदा पैसे गेले की माणूस अभ्यासाला लागतो. मीही रात्र रात्र जागून या घड्याळांचा इतिहास वाचून काढला. मर्सिडीज ग्लाइट्झ नावाच्या लंडनच्या टंकलेखिकेनं ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. तसं करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका बाईचा असाच दावा खोटा निघाला आणि लोक हिच्याकडेही संशयानं बघू लागले. म्हणून बिचारी दोनच आठवड्यांनी पुन्हा पाण्यात उतरली. या खेपेला तिच्या गळ्यात रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फ यांनी दिलेलं 'ऑयस्टर' घड्याळ होतं. पाणी इतकं गार की दहा तासांहून जास्त पोहल्यावर तिला अर्धवट शुद्धीत नावेत ओढून घ्यावं लागलं. घड्याळ मात्र ठणठणीत चालू. पुढच्याच महिन्यात विल्सडॉर्फनी 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात ठोकून दिली.

माणूस गारठून आडवा आणि कौतुक घड्याळाचं. पुढचा सगळा इतिहास याच चालीवर आहे. १९६० मध्ये 'त्रिएस्ते' ही नौका मरियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल गेली. झाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे पोलादाच्या जाडजूड गोळ्यात बसले होते आणि रोलेक्सचं एक खास बनवलेलं घड्याळ बाहेरून बांधलं होतं. वर आल्यावर तेही चालूच होतं. माणूस आत आणि घड्याळ बाहेर अशी सोय कुणी करणार असेल, तर मीसुद्धा कुठल्याही समुद्रात उतरायला तयार आहे.

अर्थात एके काळी या घड्याळांची खरोखरच गरज होती. ब्लाँपँ कंपनीचे झाँ-झाक फिश्तेर स्वतः पाण्यात बुड्या मारायचे. एकदा खाली इतके रमले की वेळेचं भान सुटलं आणि सिलिंडरमधली हवा संपली. जीव वाचला आणि त्या धड्यातून १९५३ चं 'फिफ्टी फॅदम्स' घडलं. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांनी ते वापरलं. त्याच वर्षीचं रोलेक्सचं 'सबमरीनर'. तेव्हा ही सरळ सरळ कामाची हत्यारं होती. मग १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये जेम्स बाँड झालेल्या शॉन कॉनरीनं सबमरीनर सुटावर घातलं आणि सूट घालणाऱ्या तमाम कोरड्या पुरुषांना आपण आतून पाणबुडे असल्याचा साक्षात्कार झाला. आज तेच घड्याळ कित्येक लाखांच्या घरात आहे.

या हत्याराचा जीव आहे काचेभोवतीच्या फिरत्या कडीत. पाण्यात उतरताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. नंतर काटा कडीवरच्या ज्या आकड्यावर दिसेल, तितकी मिनिटं झाली. ही कडी फिरते फक्त उलट्या बाजूनं, कट कट कट असा बारीक आवाज करत. कुठे खडकाला लागून सरकलीच तर वेळ जास्त झाल्यासारखा दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे पाणबुड्या फसलाच तर लवकर वर येईल, हवा संपल्यावर नाही. माणसाच्या धांदरटपणाचा इतका बारकाईनं विचार कुणीतरी केलाय, हे बघून मला भरून आलं. त्याच संध्याकाळी मी वरणभाताच्या कुकरला कडी लावली आणि पंधरा मिनिटांनी दिवाणखान्यातून गरजलो, "वेळ झाली, गॅस बंद कर!"

"तीन शिट्ट्या झाल्या तेव्हाच केला," आतून उत्तर आलं. "आता त्या घड्याळासकट या आणि मेथी निवडा."

माझ्या घड्याळाला एका बाजूला हेलियमची झडपही आहे. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात समुद्रतळाशी काम करणारे पाणबुडे दिवसचे दिवस दाबाखालच्या कोठीत राहतात आणि हेलियम मिसळलेली हवा श्वासात घेतात. हेलियमचे अणू इतके बारीक की बंद घड्याळातही शिरतात, आणि दाब उतरवताना त्यांना बाहेर पडायला वाट नसेल तर काच उडते. म्हणून ही झडप. माझा आणि हेलियमचा संबंध सोसायटीतल्या पोरांच्या वाढदिवसाच्या फुग्यांपुरता. पण तिथे मी एकदम निर्धास्त उभा असतो.

आता तीनशे मीटरचा हिशेब. हौशी स्कूबावाल्यांची मर्यादा ४० मीटर. सिलिंडर लावून सर्वांत खोल जाण्याची गिनेसमधली नोंद इजिप्तच्या अहमद गब्र यांची आहे, २०१४ साली तांबड्या समुद्रात ३३२.३५ मीटर. खाली जायला साधारण पाव तास आणि वर यायला १३ तासांहून अधिक. म्हणजे माझं घड्याळ मला जागतिक विक्रमाच्या उंबरठ्यापर्यंत सोबत करायला तयार आहे. मी मात्र त्याला डोंबिवलीहून दादरपर्यंतही न्यायला तयार नव्हतो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दीड लाख मनगटावर बांधून लोंबकळायचं कसं? आधी शर्टाची बाही घड्याळावर ओढून पाहिली, मग वर रुमाल बांधला. शेजारच्या नेहमीच्या प्रवाशानं आपुलकीनं विचारलं, "भाजलं का हो?"

तेव्हापासून घड्याळ बहुतेक वेळ कपाटात. कपाटात ठेवलं तर दोन दिवसांत बंद पडतं, कारण ते मनगटाच्या हालचालीवर चालतं. घराबाहेर नेलं की माझा श्वास बंद पडतो. पावसाचा शिंतोडा आला की मी ते खिशात टाकायचो, हात धुताना काढून बायकोकडे द्यायचो आणि अंघोळीच्या वेळी तर ते मोरीपासून दोन खोल्या लांब असायचं.

"तीनशे मीटर ना?" बायको म्हणायची.

"म्हणून काय झालं? पैठणी नेसून धुणं धुतं का कुणी?"

बोलून गेलो आणि या घड्याळांचा मूळ नियम आपोआप हाती आला. घड्याळ जितकं महाग, तितकं उथळ पाणी त्याच्या वाट्याला येतं. पाच-सहा हजारांचं, २०० मीटरचं कॅसिओ ड्युरो घातलेला माणूस दिसेल त्या विहिरीत उडी मारतो. हे ड्युरो बिल गेट्स यांच्याही मनगटावर दिसलं आहे. त्यांना ईएमआय नाही, तरीही.

माझा भाचा अशा स्वस्त घड्याळवाल्यांपैकी. त्यानं कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ स्कूबाच्या बुड्या मारल्या आहेत. त्याच्यापुढे मी घड्याळ धरलं.

"मामा, ऐंशीच्या दशकापासून पाणबुडे डाइव्ह कॉम्प्युटर वापरतात. खोली किती, वेळ किती, अंगात नायट्रोजन किती साठला, वर कधी यायचं, सगळं तो सांगतो. तुझं घड्याळ काय सांगतं?"

"पावणेअकरा."

"सव्वाबारा झालेत, मामा."

माझ्या अब्रूची बाजू सावरायला मी सांगितलं की यांत्रिक घड्याळाला 'क्रोनोमीटर' हा स्विस किताब मिळवायचा तर दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढीच सूट असते. तो म्हणाला, त्याचं क्वार्ट्झ महिन्याला फार तर पंधरा-वीस सेकंद चुकतं. मग त्यानं मामाला आणि मामाच्या घड्याळाला एकदाचं पाणी दाखवायचं ठरवलं. आम्ही मालवणला गेलो.

मालवणची बुडी नवशिक्यांसाठी असते. पोहता येण्याची अट नाही, ही पहिली आनंदाची गोष्ट. नावेवर अंगात रबरी पोशाख चढवतात, कमरेला वजनं बांधतात, तोंडात नळी देतात आणि शिकवणारा पाठीमागून तुमचं सिलिंडर धरून तुम्हाला खाली नेतो. खुणा नावेवरच शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं कडं म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. मी मान डोलावली, पण माझं सगळं लक्ष मनगटावर. किल्ली घट्ट पिळली आहे ना? पट्ट्याची पिन सुटली तर? मी पट्ट्यावरून रबरबँड चढवला. मग आणखी एक.

शिकवणारा मुलगा मालवणी. बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, घड्याळाक काय होवचा नाय. तुमी तोंडान श्वास घेवा."

खाली गेलो. पाणी हिरवट, कानात दडे बसलेले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आजूबाजूला आले असं म्हणतात. म्हणतात, कारण मी उजव्या हातानं डावं मनगट गच्च आवळून धरलं होतं आणि नजर सेकंदकाट्यावर होती. तो फिरत होता! सिंधुदुर्गाच्या समुद्रात, खारट पाण्यात, माझा सेकंदकाटा फिरत होता! पैसे वसूल! त्या मुलानं समोर येऊन बोटांचं कडं करत विचारलं, ठीक ना? मी आनंदाच्या भरात, आयुष्यभर दाखवत आलो तसा, दणदणीत अंगठा वर केला.

दुसऱ्या क्षणी मी नावेच्या शिडीला लटकलो होतो.

"काय झाला? हात दुखता?" त्यानं काळजीनं माझं मनगट धरलं. एवढा वेळ मी ते आवळून का धरलंय, हे त्याला तेव्हा कळलं. नावेवर चहा पीत बसलेल्या दोघांनाही कळलं. बुडीचा व्हिडिओ सोबत देतात. तो आमच्या घरच्या ग्रुपवर आजही फिरतो. त्यात मासे सुरेख आले आहेत आणि मधोमध एक माणूस स्वतःच स्वतःला अटक करून चालला आहे. भाच्यानं चौकशी केली. खोली होती वीस फूट, म्हणजे सहा मीटर. दोनशे चौऱ्याण्णव मीटर अजून शिल्लक आहेत.

तर आता सल्ला. खरोखर बुड्या मारणार असाल तर डाइव्ह कॉम्प्युटर घ्या. पोहायला, पावसात, धबधब्याखाली घालायला काही हजारांचं २०० मीटरवालं घड्याळ घ्या. फक्त '३० मीटर' लिहिलेल्या साध्या घड्याळावर भिस्त ठेवू नका. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा, प्रत्यक्षात हात धुण्यापुरता. समुद्रातून आलात की घड्याळ गोड्या पाण्यानं धुवा, आणि आतली रबरी वायसरं जुनी झाली की बदला. नाहीतर दीड लाखाच्या घड्याळातही पाणी शिरतं. 'आयएसओ ६४२५' या मानकाप्रमाणे डायव्हर घड्याळाला सांगितलेल्या खोलीच्या सव्वापट दाब सोसून दाखवावा लागतो. दीड लाखाचं असो की काही हजारांचं, या परीक्षेला बसणाऱ्याला पेपर तोच. वरचे लाख जातात ते घडणीला, नावाला आणि बाँडच्या सुटाला. ते देण्यात पाप नाही. देऊन वर पाण्याचं कारण सांगू नये, इतकंच.

राहता राहिली गुंतवणूक. यंदा आमच्या इमारतीची गच्ची गळायला लागली आणि सोसायटीनं वॉटरप्रूफिंगची वर्गणी काढली. बायको म्हणाली, "काढा आता ती गुंतवणूक." रोलेक्सची काही मॉडेलं दुसऱ्या हाती मूळ किमतीहून महाग गेली आहेत, हे मी वाचलेलं होतं. माझं रोलेक्स नव्हे, हे मी विसरू पाहत होतो. जुनी घड्याळं घेणाऱ्या एका दुकानात गेलो. मालकानं डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ उलटंपालटं केलं, कडी कट कट फिरवली, पट्ट्याचा एकेक दुवा पाहिला.

"एक चरा नाही. छान ठेवलंय. ऐंशी हजार देतो," तो म्हणाला. मग भिंग न काढताच विचारलं, "पाण्यात गेलेलं नाही ना कधी?"

माझी छाती फुगली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

"गेलंय तर! मालवणच्या समुद्रात! वीस फूट!"

त्यानं भिंग काढलं. "मग पासष्ट," तो म्हणाला.