हरकत नोंदवा, आमची हरकत नाही

मुंबईकरांना कोणी विचारत नाही, ही तक्रार आता बंद व्हायला हवी. मुंबईकरांना जेवढं विचारलं जातं तेवढं घरी आलेल्या जावयालाही कोणी विचारत नसेल. विकास आराखडा आला की विचारतात, त्यात फेरबदल आला की विचारतात. कायद्यातच तशी सोय आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम 37 काढून बघा. नियम बदलायचा तर नोटीस काढा, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवा, त्यासाठी महिनाभराची मुदत द्या, असं स्वच्छ लिहिलंय. आता ही नोटीस वर्तमानपत्रात हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या आणि बदललेल्या आडनावांच्या शेजारी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत सापडते, हा काही कायद्याचा दोष नव्हे. शहराची तळमळ असेल तो भिंग घेऊन बसेलच.

भिंग घेतलंच आहे तर नकाशाही बघून घ्या. मात्र त्यावर आपल्या चाळीचं नाव शोधू नका. नकाशाला चाळ ठाऊक नसते, गल्लीचा गणपती ठाऊक नसतो. त्याला फक्त सी. एस. नंबर कळतो. नंबर मिळकत पत्रिकेवर असतो. पागडीवाल्या भाडेकरूने तो कोणाला विचारायचा? मालकाला. आणि हरकत घ्यायची कोणाच्या प्रस्तावावर? बहुतेक वेळा त्याच मालकाच्या. एवढं करून अर्ज गेला की सुनावणीचं पत्र येतं. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. आपण रजा टाकून जातो, नाव पुकारलं जातं, आपण घसा साफ करतो आणि समोरचे साहेब म्हणतात, ‘‘लेखी दिलंय ना? मग झालं. नेक्स्ट.’’

तरीही लोक हरकती घेतात, हे या शहराचं मोठेपण. 2015 च्या फेब्रुवारीत महापालिकेने 2034 सालापर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा काढला. नकाशावरचे काही रस्ते थेट उभ्या इमारतींमधून गेले होते. कित्येक वारसा वास्तू नकाशावरून गायबच होत्या. लोकांनी साठ हजारांवर हरकती पाठवल्या. म्हणजे महापालिकेला साठ हजार मुद्रितशोधक मिळाले, तेही फुकट, वर टपालखर्च ज्याचा त्याचा. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करायला सांगितला. सुधारलेला मसुदा 2016 मध्ये आला आणि आराखडा लागू झाला तो 1 सप्टेंबर 2018 ला. 2014 ते 2034 या वीस वर्षांच्या आराखड्यातली पहिली चार वर्षं आराखडा येण्यातच गेली. त्या चार वर्षांबद्दल सूचना असल्यास कोणाकडे पाठवायच्या, ते अजून जाहीर झालेलं नाही.

पण लोकसहभागाचा खरा वस्तुपाठ बघायचा तर गिरणगावात जायला हवं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि कामगार देशोधडीला लागला. मागे राहिल्या 58 गिरण्या आणि शहराच्या ऐन मध्यावरची सुमारे 600 एकर जमीन. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणी पाडून नवं बांधायचं तर जमिनीचे तीन वाटे करा : एक मैदानं-बागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. शाळेतल्या पोरालाही समजेल अशी वाटणी. मालकांना मात्र ती समजायला दहा वर्षं कमी पडली. मधल्या काळात, 1996 मध्ये, चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गिरण्या सुट्या सुट्या न विकता सगळ्या भागाचा एकत्र विचार करा, असं तिने सांगितलं. अहवाल सादर झाला. सरकारदरबारी सादर झालेल्या अहवालाचं पुढे काय होतं, हे वाचकांना सांगायला मी कोण?

मग 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी कायमच राहिली, फक्त ती मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती झाली. ज्या जागेवर शेड उभी आहे ती धरायची नाही. शेड पाडली तर? तरी धरायची नाही. म्हणजे बुलडोझर फिरला, राडारोडा उचलला, जागा तळहातासारखी सपाट झाली, तरी कागदावर तिथे साचे धडधडतच आहेत. गिरणी आतून पाहिलेल्या माणसाला विचारा. साचाखातं, कताईखातं, गोदाम, बॉयलर आणि चिमणी वजा केल्यावर शिल्लक काय राहतं? फाटकापासून टाइम ऑफिसपर्यंतची वाट. तिचे तीन भाग करून मुंबईकरांनी हवं तेवढं मैदान घ्यावं.

काही मंडळी जनहित याचिका घेऊन कोर्टात गेली. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 चाच नियम कायम केला. मधला आनंद पाच महिने टिकला. तोवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्या सुमारे दोन हजार कोटींना विकल्याही गेल्या होत्या. भोंगा वाजायचा तिथे आता लिफ्ट वाजते. लोअर परळला दलाल ‘अपर वरळी’ म्हणतात. या फेरबदलाची नोटीस निघाल्याचं काही आठवत नाही.

टॉवरांत हजारो नोकऱ्या आल्या. त्या नोकऱ्यांवर जाणारी माणसं मात्र एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जुन्या अरुंद पुलावरूनच चढत-उतरत राहिली. पुलाबद्दल प्रवाशांनी लिहून कळवलं होतं. 29 सप्टेंबर 2017 ला तिथे चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. पुढच्या वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं.

आता राहिला मूळ मालक, म्हणजे ज्याच्या घामावर हे 600 एकर उभे होते तो गिरणी कामगार. त्यालाही विचारलं, नाही असं नाही. गिरणगावात जागा नाही, कर्जतच्या वाटेवर शेलूला किंवा वांगणीला घर देतो, घेता का? नको म्हणालात तर घराचा हक्कच जाईल, असं कलम 2024 च्या शासन निर्णयात होतं. यालाच संमतिपत्र म्हणतात. ते कलम काढा आणि घर मुंबईतच द्या, ही हरकत नोंदवायला म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस जुलै 2025 मध्ये भर पावसाळ्यात आझाद मैदानात बसले. वॉर्ड ऑफिसातल्या खिडकीपेक्षा तिथे निदान ऐकायला माणसं होती.

तेव्हा वाचकहो, तुमच्या भागाची नोटीस निघाली तर हरकत जरूर नोंदवा. दोन प्रतींत द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या आणि ती घरी जपून ठेवा. पुढे कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की, तेव्हा तुम्ही हरकत घेतली होती का.