स्टार? कोण, बेन वॉलेस?

डेट्रॉईटच्या आसपास, ट्रॉय-नोव्हायच्या पट्ट्यात, मोटारीच्या धंद्यात हाडं झिजवलेली मराठी माणसं बरीच आहेत. त्यांच्यातला एक नमुना तुम्हाला गणपतीच्या जेवणाला हमखास भेटेल. साठी उलटलेली, झब्ब्यावर डेट्रॉईटच्या बास्केटबॉल संघाची, म्हणजे पिस्टन्सची, निळी टोपी, सगळी नोकरी क्वालिटी डिपार्टमेंटात. चिंचवडला गेज लावून माल पास नाहीतर रिजेक्ट करायचे, इकडे येऊनही तेच केलं. आता निवृत्तीनंतर गेजखाली पार्ट येत नाहीत, २००४ सालच्या विजेत्या पिस्टन्सचे खेळाडू येतात. सगळे त्यांना पिस्टन्सकाका म्हणतात.

एखादा पोरगा भाबडेपणानं बोलून जातो, "काका, बेन वॉलेस काय स्टार होता ना!"

झालं. काका मसालेभाताची ताटली खाली ठेवतात.

"स्टार? अरे, ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नाही त्याला. सामन्याला सरासरी सहा पॉइंटसुद्धा नाहीत. फ्री थ्रो दहातले चार पडायचे. असला असतो होय स्टार?"

पोरगा चाचरत सांगतो की तो चार वेळा वर्षाचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला, हॉल ऑफ फेममध्येही गेला.

"२०२१ साली! खेळणं थांबवून नऊ वर्षं झाल्यावर. स्टारला अशी वाट बघावी लागते?"

मग चॉन्सी बिलप्स. फायनलचा एमव्हीपी? "एका मालिकेचा. बॉस्टननं तिसऱ्या नंबरावर घेतला आणि वर्ष संपायच्या आत टोरंटोला धाडून दिला, ते विसरलास?" रिप हॅमिल्टनपेक्षा काकांच्या मते त्याचा प्लास्टिकचा मुखवटाच जास्त प्रसिद्ध. रशीद वॉलेस? "टेक्निकल फाउलमध्ये स्टार. एका सीझनला ४१! तेही पोर्टलंडला असताना." २००६ च्या ऑल-स्टार सामन्यात पिस्टन्सचे एकदम चौघे होते, असं कुणी सांगून बघितलं तर उत्तर तयार असतं: "लोकांनी मतं दिली का? कोचांनी घेतले."

फक्त तेशॉन प्रिन्सचं नाव निघालं की गडबड होते. त्याला रिजेक्ट करायच्या आधी काकांना तो ब्लॉक करून दाखवावा लागतो. इंडियानाविरुद्धचा सामना, शेवटची काही सेकंदं, रेजी मिलर एकटाच बास्केटकडे निघालाय आणि मागून प्रिन्स धावत येतोय. वरणाची वाटी म्हणजे बास्केट, लिंबाची फोड म्हणजे बॉल. डाव्या हाताचा मिलर फोड वाटीत टाकणार इतक्यात उजवा हात मागून येतो, आणि फोड शेजारच्या वहिनींच्या पैठणीवर. "७२-६७!" काका ओरडतात. वहिनी काय म्हणतात ते त्यांना ऐकू येत नाही.

"मग काका, स्टार म्हणायचं तरी कुणाला?"

"आयझया थॉमस," काका म्हणतात. मग थोडं थांबून, "तसं बघितलं तर ९२ च्या ड्रीम टीममध्ये त्यालाही घेतलं नव्हतं म्हणा."

माप असं रोज बदलतं. आज पॉइंट मोजायचे, उद्या लोकांची मतं, परवा ड्राफ्टचा नंबर. कारखान्यात हे केलं असतं तर पहिल्याच ऑडिटला घरी बसले असते.

पण हेच काका एकदा लॉस एंजेलिसहून आलेल्या कुणाच्या तरी जावईबापूंसमोर बघावेत. जावईबापू जिलबी मोडता मोडता सहज म्हणाले, "तुमच्या त्या टीममध्ये स्टार असा कुणीच नव्हता, नाही का?"

"नव्हता?" काकांचा आवाज मांडवभर गेला. "ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नाही, तरी हॉल ऑफ फेम! बॉस्टननं धाडून दिला, तरी फायनलचा एमव्हीपी! चौघं ऑल-स्टार, आणि तेसुद्धा कोचांनी निवडलेले, हौशी मतांवर गेलेले नाहीत!"

"अहो, पाहुणे आहेत," काकू म्हणाल्या. उपयोग झाला नाही.

लोक हसतात, काका दुतोंडी आहेत म्हणतात. मला तसं वाटत नाही. स्टार हा माल त्या काळी जावईबापूंच्या लॉस एंजेलिसला, लेकर्सच्या दुकानात मिळायचा, आणि काकांना अभिमान आहे तो तो माल न वापरता जिंकल्याचा. बेन वॉलेसला त्यांनी आपणहून स्टार म्हटलं की पाच राबणाऱ्या माणसांनी केलेली ती कमाल साधी होऊन जाते. तेव्हा नाकारायचा हक्क घरच्यांचा, आणि लेकर्सवाल्यांनी त्यात पडायचं नाही. मला हा हिशेब पटतो.

जावईबापूंनाही तो पटला असता, पण त्यांनी ओ'नील, कोबी, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन ही नावं एका दमात घेतली. चारही हॉल ऑफ फेमवाले. त्या चौघांना २००४ च्या फायनलमधल्या पाचपैकी एकच सामना जिंकता आला, आणि तोही ओव्हरटाइममध्ये.